एडिथ क्लार्क

एडिथ क्लार्क (१० फेब्रुवारी, इ.स. १८८३ - २९ ऑक्टोबर, इ.स. १९५९) या अमेरिकन विद्युत अभियंता आणि विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापक होत्या. विजेचे जाळे किती भार पेलू शकेल आणि कोणत्या मर्यादेनंतर त्यातील यंत्रे एकमेकांपासून सुटतील, हे प्रत्यक्ष जाळ्याला हात न लावता आकडेमोडीने ठरवण्याच्या पद्धती घडवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. त्रिकला विद्युत मंडलांच्या अभ्यासात वापरले जाणारे ‘आल्फा-बीटा-शून्य’ घटक त्यांच्या नावावरून ‘क्लार्क रूपांतरण’ म्हणून ओळखले जातात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी अभियंता म्हणून दोन दशकांहून अधिक काळ काम केले आणि त्यानंतर टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले.

वीज ग्रिडच्या स्थैर्याचा अभ्यास आज संगणकावर होतो. क्लार्क यांच्या उमेदीच्या काळात मात्र इंग्रजीतील ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या नोकरीचे नाव होते आणि ती नोकरी त्यांनी स्वतः अनेक वर्षे केली. मराठीत त्यासाठी ‘गणक’ हा जुना शब्द उपलब्ध आहे. या लेखात आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीसाठी ‘गणक’ आणि यंत्रासाठी ‘संगणक’ असे शब्द वापरले आहेत.

बालपण आणि शिक्षण

क्लार्क यांचा जन्म अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील हॉवर्ड काउंटी येथे झाला. वडील जॉन रिजली क्लार्क हे वकील होते. आईचे नाव सुझन. या दांपत्याला नऊ अपत्ये होती. एडिथ बारा वर्षांच्या होईपर्यंत आई-वडील दोघेही निवर्तले होते. पुढे मोठ्या बहिणीने त्यांचा सांभाळ केला. वडिलोपार्जित संपत्तीतील वाटा हाती आल्यावर तो त्यांनी शिक्षणासाठी वापरायचे ठरवले. त्या काळच्या मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबात मुलीच्या वाट्याची रक्कम अशा कामी लावणे शहाणपणाचे समजले जात नसे. न्यू यॉर्क राज्यातील व्हासार या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी गणित आणि खगोलशास्त्र हे विषय घेतले आणि इ.स. १९०८ मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली.

गणितातील पदवीधर स्त्रीसमोर तेव्हा शाळेत शिकवण्याचा एकच सरळ मार्ग होता. क्लार्क यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील एका खाजगी शाळेत आणि नंतर वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल महाविद्यालयात गणित शिकवले. तीन वर्षांत त्या या कामाला कंटाळल्या. इ.स. १९११ मध्ये नोकरी सोडून त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तेव्हा त्यांचे वय २८ होते. पहिले वर्ष संपल्यावर सुट्टीतील काम म्हणून त्या न्यू यॉर्कमधील अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ (एटी अँड टी) कंपनीत गेल्या. तेथील काम त्यांना इतके आवडले की विस्कॉन्सिनला त्या परतल्याच नाहीत.

एटी अँड टी मधील गणक

क्लार्क यांची नेमणूक जॉर्ज कॅम्पबेल या गणितज्ञ-अभियंत्याचे साहाय्यक गणक म्हणून झाली होती. दूरध्वनीच्या लांब तारांमधून जाताना आवाज क्षीण होतो आणि बिघडतो. तारेवर ठरावीक अंतरांवर वेटोळी बसवून हा दोष कमी करता येतो, याचे गणित मांडणाऱ्यांपैकी कॅम्पबेल एक होते. वेटोळी कोठे बसवायची आणि किती क्षमतेची, हे चाचपडत ठरवणे परवडणारे नव्हते. त्यासाठी लांब तारेची समीकरणे सोडवावी लागत. या समीकरणांतील संख्या संमिश्र असतात, म्हणजे प्रत्येक संख्येला दोन भाग असतात. त्यांवर अपास्तीय फलने चालवावी लागतात. कोष्टके, लॉगॅरिथम आणि स्लाइड रूल यांच्या साहाय्याने एकेक उत्तर काढायला बराच वेळ लागे, आणि अभियंत्याला एका निर्णयासाठी अशी अनेक उत्तरे हवी असत.

अभियंता समीकरण मांडणार आणि गणक ते सोडवणार, अशी कामाची वाटणी होती. पहिले काम बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आणि दुसरे बव्हंशी स्त्रियांकडे असे. पगार व हुद्दा यांतील अंतरही त्याच रेषेवर पडलेले होते. व्यवहारात मात्र ही रेषा इतकी स्वच्छ नसते. कोणते पद गाळले तर चालेल, कोठे आसन्न मूल्य पुरेल आणि आलेले उत्तर भौतिकदृष्ट्या संभवनीय आहे का, हे सोडवणाऱ्यालाच आधी कळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लार्क यांच्याकडे स्त्री-गणकांच्या एका गटाचे प्रशिक्षण आणि देखरेख सोपवण्यात आली. त्याच वर्षांत त्यांनी हंटर महाविद्यालयात रेडिओचा आणि कोलंबिया विद्यापीठात रात्रीच्या वर्गांत विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला.

इ.स. १९१८ मध्ये त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे दाखल झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी मिळाली. एमआयटीमधून या विषयाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. प्रबंधासाठी त्यांचे मार्गदर्शक आर्थर केनेली हे होते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मंडलांत संमिश्र संख्यांचा वापर रूढ करणाऱ्यांत केनेली यांचा मोठा वाटा आहे. अपास्तीय फलनांच्या विद्युत उपयोगांवर त्यांनी ग्रंथही लिहिला होता.

प्रबंधाचा विषय ‘कृत्रिम पारेषण मार्ग’ हा होता. शेकडो किलोमीटरची तार प्रयोगशाळेत आणता येत नाही. म्हणून तारेच्या एकेका तुकड्याऐवजी एक वेटोळे, एक रोधक आणि एक धारित्र अशी जोडणी करून त्यांची साखळी टेबलावर मांडली जाई. खऱ्या तारेत हे गुणधर्म सलग पसरलेले असतात. कृत्रिम मार्गात ते ठिकठिकाणी गोळा झालेले असतात. कमी वारंवारतेला दोन्हींची वागणूक जवळजवळ सारखी असते, वारंवारता वाढत गेली की कृत्रिम मार्ग खऱ्या मार्गासारखा वागेनासा होतो. वारंवारता अमर्याद वाढवत नेल्यास या तुकड्यातुकड्यांच्या मार्गाचे काय होते, हा प्रश्न क्लार्क यांनी तपासला. प्रतिकृती कोठपर्यंत मूळ वस्तूची जागा घेऊ शकते हा सदृशीकरणाच्या प्रत्येक प्रकारातील मूलभूत प्रश्न आहे. क्लार्क यांच्या तांत्रिक कारकिर्दीची सुरुवात त्याच प्रश्नाने झाली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत सहसा ओझरती येते.

जनरल इलेक्ट्रिक आणि इस्तंबूल

पदवी हाती असूनही अभियंता म्हणून क्लार्क यांना कोणी नोकरी दिली नाही. जनरल इलेक्ट्रिकने त्यांना न्यू यॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे घेतले, पण टर्बाइन विभागातील गणकांच्या पर्यवेक्षक म्हणून. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनच्या चक्रांवर येणाऱ्या यांत्रिक ताणांची आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांना त्या शिकवत. विजेचे काम त्यांच्या वाट्याला येत नव्हते आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत पगार व दर्जा दोन्ही कमी होते.

मोकळ्या वेळात त्यांनी ‘आलेखी गणनयंत्र’ तयार केले आणि इ.स. १९२१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. नाव मोठे असले तरी हे हातात धरून वापरायचे साधन होते. पारेषण मार्गाच्या दोन टोकांचे दाब, प्रवाह आणि मार्गाचा संरोध यांचे परस्परसंबंध त्यावर आलेखरूपाने मांडलेले होते. ज्ञात राशी त्यावर लावल्या की अज्ञात राशी वाचता येई. अपास्तीय फलनांची किचकट आकडेमोड साधनातच सामावलेली असल्याने उत्तर पूर्वीच्या सुमारे दहापट वेगाने मिळे. पेटंट १ सप्टेंबर १९२५ रोजी मंजूर झाले. त्याआधीच, इ.स. १९२३ मध्ये, ‘जनरल इलेक्ट्रिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. गणकाने वर्षानुवर्षे केलेले काम गणकाशिवायही व्हावे अशी ही योजना होती, आणि ती एका गणकानेच केलेली होती.

अर्ज दाखल झाला त्याच वर्षी क्लार्क यांनी नोकरी सोडली. इस्तंबूल (तेव्हाचे कॉन्स्टँटिनोपल) येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम त्यांनी स्वीकारले. शहर त्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या ताब्यात होते आणि ऑटोमन साम्राज्य शेवटच्या घटका मोजत होते. तेथील वर्ष संपवून इ.स. १९२२ मध्ये त्या परतल्या, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकने त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी नेमणूक वीज केंद्रांच्या अभियांत्रिकी विभागात, पगारी विद्युत अभियंता या पदावर होती. क्लार्क यांचे वय ३९ होते.

या नेमणुकीमुळे त्यांना अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक स्त्री विद्युत अभियंता म्हटले जाते. या विधानाला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. ओहायो राज्य विद्यापीठातून इ.स. १८९३ मध्ये पदवी घेतलेल्या बर्था लॅम यांनी वेस्टिंगहाउस कंपनीत इ.स. १९०५ पर्यंत विद्युत यंत्रांच्या आराखड्यांची गणिते केली होती. ‘पहिली कोण’ याचे उत्तर शेवटी आकडेमोडीला अभियांत्रिकी मानायचे की नाही यावर अवलंबून राहते, आणि क्लार्क यांच्या पूर्वार्धातील अडचणीचे मूळही तेच होते.

स्थैर्याचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वीज केंद्रे साधारणतः शहरांच्या आसपास होती. जलविद्युत केंद्रे डोंगरात आणि ग्राहक दूरच्या शहरात, अशी स्थिती आल्यावर पारेषण मार्ग लांबू लागले. कॅलिफोर्नियात बिग क्रीक येथील जलविद्युत लॉस एंजेलिसला नेणारा मार्ग सुमारे ३९० किलोमीटर लांबीचा होता, इ.स. १९२३ मध्ये त्यावरील दाब २२० किलोव्होल्टपर्यंत वाढवण्यात आला. एवढ्या लांबीच्या मार्गांवर एक नवी अडचण पुढे आली. तारा तापत नव्हत्या, विद्युत निरोधकही टिकून होते, आणि तरीही ठरावीक भारापलीकडे वीज पाठवू पाहिल्यास जनित्रे एकमेकांची साथ सोडत.

याचे कारण प्रत्यावर्ती प्रवाहाच्या स्वरूपात आहे. एका जाळ्यावरील सर्व समकालिक जनित्रे विद्युतदृष्ट्या एकाच तालावर फिरतात. अमेरिकेत हा ताल सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो. दोन जनित्रे जणू लवचिक दांडीने एकमेकांना जोडलेली असतात. पहिल्याकडून दुसऱ्याकडे शक्ती जायची असेल, तर पहिल्याचा चक्रक दुसऱ्याच्या थोडा पुढे असावा लागतो. या पुढे असण्याचा कोन जितका मोठा, तितकी दांडी पिळली जाते आणि तितकी अधिक शक्ती जाते. हे कायम मात्र चालत नाही. शक्ती कोनाच्या ज्येच्या, म्हणजे त्याच्या साइनच्या, प्रमाणात बदलते. रोध दुर्लक्षित केल्यास ३० अंशांना ती कमाल मूल्याच्या निम्मी असते आणि ९० अंशांना कमाल होते. त्यापुढे कोन वाढला की जाणारी शक्ती घटू लागते. टर्बाइन तर पूर्वीइतक्याच जोराने ढकलत असते. त्यामुळे चक्रक आणखी पुढे सरकतो, शक्ती आणखी घटते आणि काही क्षणांतच दोन्ही यंत्रांचा ताल तुटतो. या कमाल मूल्याला ‘स्थिर-स्थितीतील स्थैर्य मर्यादा’ म्हणतात.

ही मर्यादा मार्गाच्या रिॲक्टन्सवर, म्हणजे तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या अटकावावर, अवलंबून असते. मार्गाची लांबी दुप्पट केली की रिॲक्टन्स दुप्पट होतो आणि मर्यादा स्थूलमानाने निम्मी होते. दोन्ही टोकांचा दाब दुप्पट केला तर ती चौपट होते. लांब मार्गांना उच्च दाब का लागतो याचे एक उत्तर येथे मिळते.

सूत्र दिसायला सोपे आहे, पण ते दोन यंत्रे आणि एक तार एवढ्यापुरतेच. प्रत्यक्षात जनित्राच्या आत स्वतःचा रिॲक्टन्स असतो, दोन्ही टोकांना रोहित्रे असतात, लांब तारेत विद्युत धारकता पसरलेली असते आणि वाटेत ग्राहकांचे भार असतात. मार्गाच्या टोकांवरील दाब स्थिर राहील असे धरून काढलेली मर्यादा यामुळे प्रत्यक्षापेक्षा मोठी येते. अशी चूक धोक्याच्या बाजूची असते. कागदावर सुरक्षित दिसणारा भार शहराला अंधारात लोटू शकतो.

८ फेब्रुवारी १९२६ रोजी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स (एआयईई) या संस्थेच्या अधिवेशनात क्लार्क यांनी या विषयावर निबंध सादर केला. पारेषण प्रणालींचे स्थिर-स्थितीतील स्थैर्य तुल्य मंडले किंवा वर्तुळाकृती यांच्या साहाय्याने कसे काढावे, हे त्यात दाखवले होते. या संस्थेत निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. जनित्रे, रोहित्रे, तार आणि भार या प्रत्येकाऐवजी टोकांवर तंतोतंत तसाच वागणारा लहानसा संरोधांचा समूह ठेवायचा, मग ते समूह एकमेकांत मिळवून संपूर्ण प्रणाली एका साध्या मंडलावर आणायची, अशी ही पद्धत होती. अपास्तीय फलने तुल्य मंडलाचे संरोध काढतानाच वापरून घेतली जात. पुढची वाट साध्या गणिताची होती. ही तुल्य मंडले आजच्या सदृशीकरण प्रणालींतही लांब पारेषण मार्गांसाठी वापरली जातात.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. भार हळूहळू न वाढता एखाद्या तारेवर वीज पडली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर क्षणात सगळे आकडे बदलतात. त्रिकला मार्गाच्या तीनपैकी एकाच तारेत बिघाड झाला की तिन्हींमधील समतोल मोडतो आणि समतोलावर आधारलेली सूत्रे निरुपयोगी होतात. वेस्टिंगहाउसचे चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी इ.स. १९१८ मध्ये ‘सममित घटक’ ही युक्ती मांडली होती. कोणत्याही असमतोल त्रिकला राशींची तीन समतोल संचांत फोड करता येते आणि प्रत्येक संच स्वतंत्रपणे सोडवता येतो, असा तिचा आशय होता. प्रतिस्पर्धी कंपनीतून आलेली ही युक्ती क्लार्क यांनी मनापासून स्वीकारली आणि पुढे नेली. एकाच वेळी दोन ठिकाणी होणाऱ्या बिघाडांवरील त्यांचा निबंध इ.स. १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रिकला बहुवाहक मंडलांवरील निबंधाला इ.स. १९३२ मध्ये संस्थेचे विभागीय पारितोषिक मिळाले. लांब पल्ल्याच्या प्रत्यावर्ती प्रवाह पारेषणाच्या स्थैर्य मर्यादांवर सेल्डन क्रॅरी यांच्यासह लिहिलेला निबंध इ.स. १९४१ चा आहे.

जालक विश्लेषक

यंत्रांची संख्या दोनावरून दहावर गेली की तुल्य मंडलांची आकडेमोडही माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. यावरचा तोडगा म्हणजे जाळ्याची छोटी विद्युत प्रतिकृतीच उभी करणे. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने इ.स. १९२९ मध्ये ‘जालक विश्लेषक’ हे खोलीभर पसरलेले यंत्र तयार झाले. त्यात तारांऐवजी लहान वेटोळी, रोधक व धारित्रे आणि जनित्रांऐवजी दाब व कोन बदलता येणारी उपकरणे होती. पट्टीवर खुंट्या जोडून हव्या त्या जाळ्याची मांडणी करता येई. क्लार्क यांनी या विश्लेषकाचा वापर आपल्या कामात केला.

बिघाडानंतर जाळे सावरते की नाही हे या यंत्रावर ठरवण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक जनित्राचा आरंभीचा कोन लावायचा, बिघाडाची जोडणी करायची आणि प्रत्येक जनित्र किती शक्ती देत आहे ते मीटरवर वाचायचे. टर्बाइनकडून येणारी शक्ती आणि विजेच्या रूपाने जाणारी शक्ती यांतील फरकाने चक्रकाचा वेग बदलतो. सेकंदाच्या छोट्याशा अंशात कोन कितीने सरकेल, हे माणसाने कागदावर काढायचे. ते नवे कोन पुन्हा यंत्रावर लावायचे, पुन्हा मीटर वाचायचे, पुन्हा कागद घ्यायचा. असे करत एक-दोन सेकंदांच्या घटनेचा वक्र आखायला अनेक तास लागत. जाळ्याची समीकरणे यंत्र सोडवी आणि काळ पुढे सरकवण्याचे काम गणकाकडे राही.

अंकीय संगणकाने या दोन्ही बाजू स्वतःकडे घेतल्या, पण क्रम तोच ठेवला. आजच्या स्थैर्यविषयक प्रणालींतही एका टप्प्यावर जाळ्याची बीजगणिती समीकरणे आणि दुसऱ्या टप्प्यावर यंत्रांची अवकल समीकरणे सुटतात आणि काळ छोट्या पावलांनी पुढे सरकतो. संगणकाने शक्तिप्रवाह सोडवण्याची पद्धत दाखवणारा वॉर्ड आणि हेल यांचा प्रसिद्ध निबंध इ.स. १९५६ मध्ये आला.

आल्फा, बीटा आणि शून्य

क्लार्क यांचे नाव विद्यार्थ्यांना बहुधा याच प्रकरणात प्रथम भेटते. फोर्टेस्क्यू यांच्या सममित घटकांत संमिश्र गुणक असतात. स्थिर आवर्तनाच्या प्रवाहासाठी ते सोयीचे आहेत, पण विजेचा लोळ किंवा स्विच उघडताना होणारी क्षणिक उलथापालथ अभ्यासताना दर क्षणाची प्रत्यक्ष मूल्ये हवी असतात. क्लार्क यांनी सममित घटकांना पर्यायी असे तीन घटक सुचवले. जनरल इलेक्ट्रिक रिव्ह्यूमधील त्यांचा यावरचा लेख इ.स. १९३८ चा आहे.

एकमेकांशी १२० अंशांचा कोन करणाऱ्या तीन अक्षांवरील राशी एकमेकांशी काटकोनात असणाऱ्या दोन अक्षांवर आणायच्या, अशी ही कल्पना आहे. आल्फा अक्ष पहिल्या कलेच्या दिशेने असतो. बीटा घटक उरलेल्या दोन कलांतील फरकाला तीनच्या वर्गमुळाने भागून येतो. तिन्हींची सरासरी म्हणजे शून्य घटक. तो प्रामुख्याने जमिनीतून परतणारा प्रवाह दाखवतो. सर्व गुणक वास्तव संख्या असल्याने हे रूपांतरण क्षणिक मूल्यांनाही जसेच्या तसे लागू पडते. जनरल इलेक्ट्रिकमधीलच रॉबर्ट पार्क यांनी इ.स. १९२९ मध्ये मांडलेले रूपांतरण चक्रकाबरोबर फिरणाऱ्या अक्षांचे आहे; क्लार्क यांचे अक्ष स्थिर राहतात. मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या आणि सौर व पवनऊर्जा ग्रिडला जोडणाऱ्या इन्व्हर्टरच्या नियंत्रकात अनेकदा ही दोन्ही रूपांतरणे एकापाठोपाठ वापरली जातात. इ.स. १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीचे श्रम वाचवण्यासाठी केलेली मांडणी आज अशा नियंत्रकांत सेकंदाला हजारो वेळा चालते.

ग्रंथ आणि अध्यापन

कंपनीतील तरुण अभियंत्यांना शिकवताना काढलेल्या टिपणांतून क्लार्क यांचा ‘सर्किट ॲनालिसिस ऑफ ए-सी पॉवर सिस्टिम्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पहिला खंड इ.स. १९४३ मध्ये आणि दुसरा इ.स. १९५० मध्ये प्रकाशित झाला. ग्रंथ वाचायला सोपा नाही. सूत्रे, तक्ते आणि तुल्य मंडलांच्या आकृत्या यांनी तो खच्चून भरलेला आहे आणि लेखिका वाचकाकडून कष्टाची अपेक्षा ठेवते. मात्र प्रत्यक्ष प्रणालीवर काम करणाऱ्याला जे लागेल ते त्यात सापडे. त्यामुळे वीज प्रणालीच्या अभियंत्यांच्या एका पिढीसाठी तो नित्य हाताशी ठेवण्याचा संदर्भ झाला.

इ.स. १९४५ मध्ये क्लार्क जनरल इलेक्ट्रिकमधून निवृत्त झाल्या आणि मेरीलँडमध्ये शेत घेऊन राहू लागल्या. ही निवृत्ती फार काळ टिकली नाही. इ.स. १९४७ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने त्यांना विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापक म्हणून नेमले. अमेरिकेत या विषयाचे प्राध्यापकपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या पेशाला कंटाळून त्यांनी अभियांत्रिकीची वाट धरली होती तो हाच होता. आता मात्र विषय त्यांचा होता आणि समोर भावी अभियंते होते. पुढे अनेक वर्षे त्यांनी तेथे शिकवले.

सन्मान आणि मृत्यू

इ.स. १९४८ मध्ये एआयईईने क्लार्क यांना फेलो केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स या संस्थेने इ.स. १९५४ मध्ये त्यांना आपला कर्तृत्व पुरस्कार दिला. स्थैर्याचा सिद्धांत आणि मंडल विश्लेषण यांतील मूलभूत कामगिरीची दखल या पुरस्कारामागे होती.

टेक्सासहून त्या मेरीलँडला परतल्या. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेरीलँड राज्याच्या स्त्री-गौरव दालनात इ.स. २००३ मध्ये आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव दालनात इ.स. २०१५ मध्ये त्यांच्या नावाचा समावेश झाला. दुसरा मान गणकांच्या पर्यवेक्षक असताना त्यांनी बनवलेल्या आलेखी गणनयंत्रासाठी होता.